आरशात आपली गाडी दिसू नये

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत जावं लागत नाही. तेच सीटबेल्ट लावून शेजारी येऊन बसतात! मी आणि माझा मोठा भाऊ, आम्ही दोघं मिळून डोंबिवलीजवळ मानपाड्याला आमचं स्कूल चालवतो. दादा पुरुषांना शिकवतो, मी बायकांना. इतक्या वर्षांत क्लच, गिअर, चढावर गाडी थांबवणं, सगळं शिकवून झालं. पण माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत. बाजूचे आरसे!

कारण प्रत्येकाला वाटतं, त्यात काय शिकायचंय?

*

सुरुवात घरापासूनच करते. दादा दिवसभर पोरांना ओरडतो, "तीन आरसे आहेत, तिन्ही बघ!" आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचा डावा आरसा? कायम मिटलेला!

मी म्हटलं, "दादा, लोक बघतात रे."

"रिक्षावाले घासून जातात गं. एकदा तुटला की नवीन बसवा. मिटलेला बरा."

वहिनी मागे बसलेली. ती शांतपणे म्हणाली, "मग दात पण काढून कपाटात ठेवा. जेवताना झिजतात!"

दुसऱ्या दिवशी आरसा उघडा. अजून उघडाच आहे.

*

टिटवाळ्याचे सावंत आमच्याकडे रिफ्रेशरला यायचे. लायसन्स जुनं, गाडी नवी, हात बसलेला नव्हता. त्यांची बिल्डिंगही नवी, मागे झाडी. तिथला एक बुलबुल रोज येऊन त्यांच्या गाडीच्या आरशातल्या बुलबुलाशी भांडायचा. चोची मारून मारून त्याने आरसा पार घाण करून टाकला. पक्ष्याला हाकलायला जीव होईना, म्हणून सावंतांनी काय करावं? मुलीचे शाळेचे पांढरे मोजे दोन्ही आरशांना घातले!

एका रविवारी ते गाडी घेऊन आले. टिटवाळ्याहून कल्याण, कल्याणहून मानपाडा. उतरले, एकदम खूश.

"मॅडम, आज गाडी काय मस्त आली! हात बसला बघा."

मी बघितलं. दोन्ही आरशांवर मोजे तसेच!

सावंतांनी माझ्या नजरेबरोबर मान वळवली. मग म्हणाले, "तरीच! म्हटलं आज मागे कुणीच कसं नाही?"

*

वसुधाकाकू आल्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. बँकेतून रिटायर झालेल्या, डोंबिवलीत आयुष्य गेलेलं, साडी नीट पिनअप. आल्या आल्या म्हणाल्या, "मला दोन महिन्यांत गाडी आली पाहिजे."

या वयात एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला लोणच्याची गोष्ट सांगितली.

काकांना स्ट्रोक येऊन गेला होता. हातपाय सावरले, बोलणं पहिल्यासारखं झालं. सगळे म्हणाले, थोडक्यात वाचले. मग काकूंच्या लक्षात आलं की काकांच्या ताटातली डावी बाजू तशीच राहते. लोणचं, चटणी, कोशिंबीर, कशालाच हात नाही. लोणच्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही तो माणूस! वर विचारतात, "हल्ली लोणचं वाढत नाहीस का गं?"

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. आणि पोहोचत नाही हेही त्यांना कळत नाही. गाडी बंद म्हणजे बंद.

काका कुठले ऐकतायत! "मला सगळं दिसतं," एवढंच. किल्ली घेऊन दोनदा खाली गेले. दोन्ही वेळा काकू मागे धावल्या. मग किल्ली साबुदाण्याच्या डब्यात लपवली.

"किती दिवस लपवू?" काकू मला म्हणाल्या. "एक दिवस सापडेल, आणि ते कुणाला तरी उडवतील, नाहीतर स्वतः जातील. पण खरं सांगू का? पस्तीस वर्षं त्यांनी मला फिरवलंय. मला त्यांना गाडीतून उतरवायचं नाहीये. फक्त बाजूच्या सीटवर बसवायचंय."

मी उगाच विचारलं, "आणि लोणच्याचं काय केलंत?"

"आता उजवीकडे वाढते. सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं!"

काकू हसल्या. मला नाही हसता आलं. त्यांची फाईल मी त्याच दिवशी सगळ्यात वर ठेवली.

*

पहिल्या दिवशी मी त्यांना आरसे लावायला शिकवलं. माझी पद्धत सोपी आहे. डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर फिरवायचा. मग दोन सीटच्या मध्ये झुकायचं आणि डावा तसाच लावायचा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसता कामा नये. दिसायला हवा बाजूचा रस्ता, जिथे बाइकवाले लपून बसलेले असतात.

काकूंनी अगदी पासबुक भरल्यासारखं सगळं टापटीप केलं. सरळ बसल्या. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि चेहरा पडला.

"अगं संगीता, गाडी दिसत नाहीये."

"नाहीच दिसायला पाहिजे काकू."

"पण मग ती आहे हे मला कसं कळणार?"

"काकू, तुम्ही गाडीत बसलाय!"

*

सगळ्याच काकूंसारख्या नसतात. आमची एक ऋतुजा होती, घोडबंदर रोडला आयटी कंपनीत कामाला. तिने उजवा आरसा असा फिरवलेला की त्यात फक्त ऋतुजा. लिपस्टिकसाठी सोय!

मी म्हटलं, "अगं, मागचं कसं दिसणार?"

"मॅडम, घोडबंदरच्या जॅममध्ये मागचं काय बघायचं? मागचे पण तिथेच, आपण पण तिथेच!"

*

काकू हळूहळू स्वतःच्या गाडीवर प्रॅक्टिस करायला लागल्या. मी शेजारी बसायची. पण रोज सकाळी त्यांची आरशांवर दहा मिनिटं जायची. काल नीट लावलेले आरसे आज पुन्हा भलतीकडे!

कारण काका. पहाटे उठून गाडी पुसायची ही त्यांची जुनी सवय. पुसता पुसता दोन्ही आरसे स्वतःच्या उंचीला लावून ठेवायचे, निम्म्या आरशात गाडीचं दार.

मी वैतागले. "काकू, सांगा ना त्यांना, हात नका लावू म्हणून."

"राहू दे गं. गाडीचं तेवढंच एक काम उरलंय त्यांच्याकडे. आणि माझी रोज प्रॅक्टिस होते!"

*

पण काकांना कुठूनतरी सुगावा लागला की बायकोला कुणीतरी भलतंच शिकवतंय. एका शनिवारी संध्याकाळी ते काकूंबरोबर आमच्या ग्राउंडवर हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"मॅडम, आरशात आपली गाडी दिसलीच पाहिजे. मी पस्तीस वर्षं चालवतोय."

मी म्हटलं, चला, करून बघू. काकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, आरसा त्यांच्या मनासारखा लावू दिला. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात. काकू मागे बसल्या, मी पुढे बॉनेटपाशी उभी राहिले. दादाला सांगितलं, मागून उजव्या बाजूने चालत ये.

"दिसला... दिसला... अरे, गेला कुठे?"

दादा मागच्या दाराला खेटून उभा होता! मग मी आरसा माझ्या पद्धतीने लावून दिला. दादा परत मागून आला. आरशातून निघाला तो सरळ काकांच्या नजरेच्या कोपऱ्यात. मध्ये कुठे हरवलाच नाही.

"अरे वा!" काका लहान मुलासारखे खूश झाले. "पस्तीस वर्षं उगाच मान मोडून घेतली की मी!"

मलाही जोर चढला. आणि त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "आता डावीकडून!"

काकूंनी मागून "अगं" म्हटलं, पण तोवर दादा निघाला होता. डाव्या बाजूने आला, आरशाच्या पुढे आला, डाव्या खिडकीत येऊन उभा राहिला आणि हात हलवला.

काका समोर बघत बसलेले. "येऊ दे ना त्याला. की चहाला गेला?"

दादाचा हात हवेत तसाच राहिला. आमचा दादा थट्टेच्या बाबतीत मेल्या माणसालाही सोडणार नाही. पण त्या दिवशी तो आवाज न करता गाडीच्या मागून फिरला आणि काकांच्या उजव्या खिडकीत येऊन म्हणाला, "सॉरी काका, चपलेचा अंगठा तुटला, मागेच बसलेलो."

काकांनी हळूच खिडकीतून खाली बघितलं.

दादाच्या पायात बूट होते.

*

त्याच रात्री काकूंचा फोन आला. काकांनी साबुदाण्याच्या डब्यातून किल्ली काढली आणि आपणहून काकूंच्या पर्समध्ये टाकली. त्यांना जागा पहिल्यापासून माहीत होती! मग जेवले, टीव्ही बघितला, झोपले.

"बरं झालं ना काकू?" मी विचारलं.

"झालं गं," त्या म्हणाल्या, आणि फोनवर खूप वेळ नुसत्या रडत होत्या. मीही फोन धरून बसले.

*

लायसन्सच्या टेस्टला काकूंनी आधी शांतपणे आरसे लावायला घेतले. डोकं काचेला टेकव, मध्ये झुक, परत सरळ बस. शेजारी बसलेले साहेब कंटाळले.

"काकू, फोटो नाही काढायचाय, गाडी चालवायचीय."

"हो साहेब, पण तुम्ही डावीकडे बसलाय ना. आमच्याकडे डाव्या बाजूच्या माणसाला फार जपतात!"

साहेबांना काही कळलं नाही. पास केलं मात्र.

*

पहिला लांबचा प्रवास मुलीकडे, घोडबंदर रोडला. काकूंनी हट्टाने मलाही नेलं. मी मागे बसले, काका पुढे डावीकडे.

निघताना काकू म्हणाल्या, "अहो, जरा मागे टेकून बसा ना, पाठ भरून येईल." काका टेकले. डावा आरसा मोकळा झाला.

घोडबंदरला लागलो आणि मुलीच्या कॉम्प्लेक्सकडे जायला डावीकडे सरकायची वेळ आली, तसे काका सावरून बसले.

"डावीकडे मोकळं आहे. घे."

काकूंनी इंडिकेटर दिला आणि डाव्या आरशात बघितलं. आरशात एक स्कूटर होती. पुढे बाप, मध्ये शाळेचा युनिफॉर्म, मागे आई.

"घेते हं," काकू म्हणाल्या. "क्लच जरा जड लागतोय आज."

स्कूटर काकांच्या खिडकीजवळून निघून गेली. काकांची मान हलली नाही.

"आता परत एकदा बघता का हो?"

"मोकळं आहे म्हटलं ना!"

"हं, घेते."

पुढच्या लेनला एक टेम्पो होता. तेव्हा काकूंचा चष्मा घसरला. त्यापुढे बस होती. तेव्हा पदर अडकला. प्रत्येक वेळी काकांनी सांगितलं, काकू थांबल्या, काकांनी परत सांगितलं, मग काकूंनी गाडी घेतली. मी मागे पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले होते आणि माझे डोळे भरून येत होते.

मुलीच्या गेटशी गाडी थांबली. काका सीटबेल्ट सोडून माझ्याकडे वळले.

"मॅडम, शिकवलंत चांगलं. पण अजून कच्ची आहे हो ही. डावी बाजू सगळी मलाच बघावी लागते!"

काकूंनी हँडब्रेक ओढला.

"म्हणून तर तुम्हाला पुढे बसवते," त्या म्हणाल्या.