एकाच मनोऱ्याचं चर्च

चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशींना गप्प बसणं कधी जमलंच नाही. उपासनेच्या वेळी त्या कशाबशा तोंडाला कुलूप लावून शेवटच्या बाकावर बसत. पण एरवी कुणी चर्च बघायला आलं, की त्यांच्या अंगात यायचं. झाडू खांबाला टेकवून त्या पुढे व्हायच्या.

"वर बघा. छत कसं आहे? पालथी घातलेली होडी! आणि कमानी बघा, हात जोडल्यासारख्या टोकदार."

इथपर्यंत सगळं खरं असायचं. पंचाईत व्हायची ती अंगणात. दर्शनी भिंतीच्या उजवीकडे घंटेचा उंच मनोरा आणि डावीकडे नुसता चौथरा, त्यावर गवत. "इकडचा मनोरा कुठे गेला?" हे प्रत्येक जण विचारायचा. खरं कारण पाळकसाहेबांनी मावशींना सांगितलं होतं: त्या बाजूची जमीन दलदलीची, पाया खचायला लागला, म्हणून काम थांबवलं. पण हे सांगितलं की लोक "असं होय" म्हणत फाटकाकडे वळायचे. इतक्या रंगात आलेली गोष्ट अशी चिखलात जावी, हे मावशींच्या जिवाला लागायचं.

शेवटी त्यांनी दोन गवंडी भाऊ जन्माला घातले. थोरला उजवा मनोरा बांधणार, धाकटा डावा. कुणाचा आधी चढतो यावरून जुंपली. थोरल्याने धाकट्याचा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ चढते का ते बघायची वजनाची दोरी, लपवला आणि धाकटा जो रुसून गेला, तो गेलाच. ऐकणारे हळहळायचे. सांगता सांगता मावशीही पदराने डोळे टिपायच्या.

गोष्ट हां हां म्हणता शहरभर झाली. एका सकाळी एक आडदांड बांधकाम ठेकेदार आला आणि चौथऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे खापरपणजोबा."

मावशींच्या हातातली बादली सुटता सुटता राहिली. "कशावरून हो?"

"आमच्याकडे सगळे गवंडी आणि सगळे रागीट. अजून काय पुरावा पाहिजे?"

रविवारी उपासना सुटल्यावर तो सगळं खटलं घेऊन आला. नेमका त्याच वेळी एक काटकुळा फरशीवाला म्हाताऱ्या आईला घेऊन हजर. तो निघाला थोरल्याचा वंशज!

"आमच्या आजोबांच्या आजोबांनी ओळंबा लपवला म्हणे! तुमचेच कामचुकार असतील."

"जीभ आवरा!"

आवाज चढले तसे पाळकसाहेब धावत आले. त्यांनी दलदलीची हकिकत सांगितली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, तुम्ही इथे आलात काल-परवा. आमच्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक?"

पाळकसाहेबांनी मावशींकडे असं पाहिलं, की त्यांना धरणी दुभंगावी असं झालं.

"अहो, मीच रचली ती गोष्ट," मावशी म्हणाल्या. "भाऊ नव्हते, की ओळंबा नव्हता."

मग फरशीवाल्याची आई पुढे आली आणि तिने मावशींचे हात धरले. "भांडण मिटावं म्हणून स्वतःवर घेताय ना, बाई? केवढं मन तुमचं!"

ठेकेदाराला भरून आलं. "आमचाही माणूस तापटच असणार," तो पुटपुटला आणि त्याने फरशीवाल्याला मिठीत घेतलं, तेही असं की त्याचा श्वासच कोंडला. मावशी आ वासून बघत राहिल्या. पाळकसाहेब हसू लपवायला पाठमोरे झाले.

पुढे त्या दोघांनी मिळून चौथऱ्याचे निखळलेले दगड बसवले, गवत काढलं, वर लाकडी बाक ठेवला. काम करताना दिवसभर भांडले, पण डबा एकत्र खाल्ला.

मावशींना हुकूम झाला: यापुढे फक्त दलदल. त्या हुकमाबाहेर नाहीत. पाहुण्यांना त्या बाकावर बसवतात आणि आवाज खाली आणून सुरू करतात, "ही जमीन मोठी चिखलाची. इतकी, की एका कारागिराचा जोडा आत गेला आणि..."

"मावशी!" कचेरीच्या खिडकीतून हाक येते.

"बरं, जोडा राहू दे," मावशी म्हणतात. "पण चिखल मात्र होता हं, गुडघ्यापर्यंत!"