सुरकुत्यांवर फवारणी

माझ्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या आणि आमचं एकमेकींशी बरं चाललं होतं. डोळ्यांच्या कडेला बारीक, कपाळावर जरा ठसठशीत, आणि ओठांजवळच्या तर सासूबाईंच्या नावे करून द्याव्यात अशा. (त्या पाडायला त्यांनी माझ्या लग्नापासून मेहनत घेतली आहे!) आसेगावच्या शिवारात आमचा वांगी-मिरचीचा मळा आहे. तिथे माणसं येतात ती वांगी बघायला, माझं तोंड बघायला कोणी येत नाही.

भानगड सुरू झाली ती आमच्या लेकीच्या, पल्लवीच्या लग्नावरून. कारंजा लाडचा मुलगा तिला बघून गेला होता. त्याला ती आवडली होती. तिलाही तो आवडला होता, हे ती फोन घेऊन सारखी मिरच्यांच्या वाफ्यात जायची त्यावरून आम्हाला कळलं. (मिरच्यांवर तिचं एवढं प्रेम आधी कधी दिसलं नव्हतं.) आता त्याची थोरली आत्या रविवारी येणार, पल्लवीला कुंकू लावणार, की ठरलं! पण या आत्याबाईंनी आधीच्या मुली चहासुद्धा न घेता नाकारल्या होत्या असं ऐकून होतो. पल्लवीनं तेव्हापासून जेवण निम्मं केलं होतं.

त्यात शेजारची शोभा आली.

"रविवारी पाव्हणे येऊन राह्यले ना? मंग तोंडाचं काई तरी कर वं."

"माह्या तोंडाले काय झालं?"

"अवं, पोरीले कोन पाह्यते? पोरीची माय पाह्यतात! पोरगी पुढं कशी दिसन, ते मायच्या तोंडावर लिहेल रायते. खाण तशी माती!"

शोभा चहा पिऊन निघून गेली. मी मात्र आरशासमोर बसले ती उठेचना. आजवर ज्या सुरकुत्यांना मी घरातल्या माणसांसारखं वागवलं, त्याच आता माझ्या पोरीचं लग्न मोडायला टपून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरच्या बाजारात वांगी उतरवली आणि मी मेडिकल गाठलं.

"भाऊ, सुरकुत्या जायचं काई स्वस्तातलं हाये काय?" मी हळूच विचारलं. (हळूच म्हणजे माझ्या मते. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली!)

मेडिकलवाल्यानं काउंटरवर तीन ट्यूब मांडल्या. "ताई, स्वस्तात करायचं असंन तं पह्यले हे उन्हाचं क्रीम घ्या. सकाळी लावा. मंग हे साधं, कातडी मऊ रायते. हे तिसरं रेटिनॉलचं, रात्रीचं. पन हे एकटं नोका नेऊ, उन्हाच्या क्रीमसंगच न्या."

"सुरकुत्या कोन्तं घालवते?"

"तिसरं. पन..."

"तेच द्या."

"ताई, आयका तं! वाटान्याएवढंच घ्यायचं. एक दिवसाआड. ऊन लागू द्यायचं नाई. अन् फरक पडाले महिने लागतीन."

"महिने? पाव्हणे रविवारी येऊन राह्यले!"

आता इथे आमच्या घरातली एक श्रद्धा सांगायला हवी. डब्यावर छापलेलं प्रमाण हे कंपनीनं भिऊन छापलेलं असतं, असं आम्ही मानतो. वांग्याला फवारताना पंपाला एक झाकण लिहिलं असेल तर आमचे हे दीड टाकतात, आणि बाजार तोंडावर आला असेल तर दोन. शिवाय औषध पानाला धरून राहावं म्हणून पंपात एक चिकट द्रव टाकतात, त्याला आम्ही स्टिकर म्हणतो. स्टिकरशिवाय फवारणी म्हणजे आमच्या ह्यांच्या मते अंघोळीशिवाय पूजा.

तर मी हिशेब केला. वाटाण्याएवढं लिहिलं आहे, म्हणजे खरं लिंबाएवढं असणार. एक दिवसाआड म्हणजे रोज. रोज म्हणजे रात्री आणि पहाटे. आणि वरून खोबरेल तेलाचा हात. (स्टिकर!) उन्हाचं क्रीम काही मी घेतलं नव्हतं. अख्खा जन्म उन्हात गेला, आता त्याच्यापासून काय लपायचं, असा माझा बाणा होता. मी तशीच वांगी तोडायला जात राहिले.

पहिल्या दिवशी चेहरा चुरचुरला. मी खूश! औषध लागू पडलं! दुसऱ्या दिवशी तोंड लाल झालं. आमचे हे जेवता जेवता थांबले.

"मिरच्या खुडून तोंडाले हात लावला काय वं?"

"चमक येऊन राह्यली," मी म्हटलं.

शनिवारी चमक फुगली. मी घाबरले, आणि घाबरून काय केलं? जे फवारणीचा गुण आला नाही की सगळे करतात तेच केलं. उरलेली ट्यूब पिळून लावली!

रविवारी सकाळी कपाळाची सालं निघत होती, गालांवर बारीक पुरळ होतं आणि नाकाला हात लावला की ब्रह्मांड आठवत होतं. पल्लवीनं मला बघितलं आणि तिच्या हातातलं पुरणाचं पातेलं खाली आलं. (पुरण वाचलं. पातेल्याला पोचा पडला.)

"आई! हे काय करून बसली तू!"

मी तिला ट्यूबचं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, जवळचं तर अजिबात दिसत नाही. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, दोन पावलं मागे गेल्या आणि हात जोडले.

"माता आली! घरात माता आली वं माय!"

"आई, माता नोहे, मी ते..."

"बोलू नोको! अंगात कांजन्याची माता असतानी उलटं बोलत नसतात. ये पल्लवी, कढई उतरव! माता असली की तळन चालत नाई, भजे बंद! फोडनी बंद!"

मी सांगायला तोंड उघडलं की त्या माझ्या पाया पडायच्या. सासूबाई माझ्या पाया! एरवी हे सुख मी तब्येतीत भोगलं असतं. पण त्यांनी कडुनिंबाचा हा एवढा डहाळा आणून दारावर बांधला आणि ते सुख तिथेच संपलं. आमच्याकडे दारावर निंब दिसला की परका माणूस उंबरठा ओलांडत नाही, आणि शुभकार्याचं तर नावच नको. पाहुणे उंबरठ्यावरूनच परत जाणार होते!

"आवो, तो निंब सोडा पह्यले!" मी ह्यांना म्हटलं.

"आईनं बांधेल निंब मी सोडू?" ते माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. "अन् खरंच माता असली तं?"

"क्रीम हाये म्हनून सांगून राह्यली ना मी!"

"तुले वाटते क्रीम हाये. मातेले काय वाटते, ते कोनाले मालूम?"

पल्लवीनं मुलाला फोन लावला. ते लोक एसटीतून उतरून आमच्याच रस्त्याला लागले होते. ती काही सांगणार तोच तिला रडू फुटलं आणि तिनं फोन ठेवून दिला. मला स्वतःचा इतका राग आला की गाल आणखी लाल झाले. (तसं आता कोणाला कळणार नव्हतं.)

आणि अंगणात पाहुणे आले. सगळ्यांत पुढे आत्याबाई. उंच, नऊवारी, हातात नारळाची पिशवी. त्यांनी दारावरचा निंब बघितला आणि आडवा हात केला. मागची मंडळी, मुलासकट, एका रांगेत थांबली.

"माता हाये घरात," आत्याबाई म्हणाल्या. "आज कुंकू लावता येत नाई. चला."

"बसा तं खरं," आमचे हे कसेबसे बोलले.

"आता नाई. हे पह्यलंच इघ्न आलं. रिसोडची एक पोरगी पाहून ठेवली हाये आमी."

दाराआड पल्लवी उभी होती. तिनं ओढणी तोंडात धरली होती. मुलगा आत्याच्या मागे चप्पल जमिनीवर घासत होता. आता काही बोललं नाही तर संपलं, हे मला कळत होतं, पण मी तोंड उघडलं की पाया पडायला सासूबाई टपून होत्या.

आत्याबाई दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "मातेच्या दारून तसंच जाऊ नाई. पाया पडून येतो."

सासूबाईंनी मला ओसरीवर पाटावर बसवलं. आत्याबाई उंबऱ्यापाशी बसल्या, माझ्या पायांवर पाणी घातलं, नारळ ठेवला आणि हात जोडले. "माय, तूच सांग. ही पोरगी आमी करावी का नाई?"

आत्याबाईंच्या पाठीमागे आमचे हे मानेला झटके देऊन मला खुणावत होते, हो म्हण, हो म्हण! एका शब्दाचं काम होतं. देवाशपथ सांगते, तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. एवढ्यात आत्याबाईंनी भक्तिभावानं चिमूटभर हळद-कुंकू घेतलं आणि माझ्या सोललेल्या कपाळावर दाबून लावलं.

"आई गं मेले!" मी पाटावरून उडालेच!

"अंगात आली!" सासूबाई ओरडल्या. "निंब आना! निंब आना!"

मी अंगणभर नाचत होते, सासूबाई डहाळा घेऊन माझ्या मागे, आणि पाहुणे हात जोडून उभे! सासूबाईंनी डहाळा फिरवला तो नेमका माझ्या गालावर, आणि मग मला कशाचंच भान राहिलं नाही.

"माता नोहे! क्रीम हाये! मंगरूळच्या मेडिकलातून आनेल क्रीम हाये!"

पल्लवी आत धावली आणि पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब घेऊन आली. आत्याबाईंनी ती मुलाकडे दिली. त्यानं बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली, आणि बिचाऱ्यानं अदबीनं विचारलं, "तुमी किती लावलं, काकू?"

"संपलं," मी म्हटलं.

"अन् कायले लावलं?" आत्याबाईंचा आवाज करडा होता.

मला रडू आलं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि तेही झोंबलं. "मायचं तोंड पाहून पोरगी ठरवतात म्हने. माह्या सुरकुत्यांपायी लेकरू नाकारलं गेलं असतं, तं मी काय केलं असतं?"

आत्याबाई माझ्या अगदी जवळ आल्या. मग त्यांनी स्वतःचा चेहरा माझ्यासमोर आणला. नांगरलेल्या वावराइतक्या सुरकुत्या होत्या त्यावर!

"हे पाह्य. असं तोंड घेऊन मी कोनाच्या तोंडाले नाव ठेवीन काय? मी पोरी नाकारल्या, त्या हा गधा मनापासून हो म्हनत नव्हता म्हनून. आता कारंज्यापासून इथलोक याची मान खाली हाये, पल्लवीचं नाव काढलं की वर येते." त्यांनी सासूबाईंच्या हातून डहाळा काढून घेतला. "सोडा तो दारचा निंब. अन् कढई ठेवा बाई चुलीवर, सकाळपासून पोटात कावळे वरडून राह्यले!"

भजी तळली गेली. पल्लवीच्या कपाळाला कुंकू लागलं. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी एवढ्या नमस्कारांची जी नासाडी केली होती, तिचं त्यांना वाईट वाटत असावं. मुलानं आम्हा तिघींना ओळीनं बसवून फोटो काढला आणि जाता जाता एसटीतूनच त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. फोटोत मधे पल्लवी, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला पदर कपाळापर्यंत ओढून घेतलेली मी.

थोड्या वेळानं पल्लवीनं फोन माझ्यापुढे धरला. हसू दाबून दाबून ती लालबुंद झाली होती. मुलाच्या कुठल्याशा मामांनी फोटो बघून आशीर्वाद पाठवला होता.

"पोरगी नशीबवान हाये! दोन्ही आज्या अजून खुटखुटीत हायेत. पन तिची माय काहून दिसत नाई फोटोत?"