पाटा उलटा ठेवावा

"ताई, तुमचा धडा आपटला!" नाचणगावहून ढोले सरांचा फोन. "वर्गात एक पाटा येऊन पडला हाये, अन् त्या पोरीची माय दारात उभी हाये."

मी वर्ध्याहून शिक्षकांसाठी एक मासिक काढते. संपादक मी, पोस्टात अंक टाकणारी मी आणि बोलणी खाणारीही मीच. आमच्याकडे एक रीत आहे. कोणी धडा लिहून पाठवला, की छापण्याआधी दुसऱ्या गावच्या शिक्षकाने तो आपल्या वर्गात शिकवून पाहायचा. त्याला आम्ही ट्रायल म्हणतो.

ढोले सर ज्याची ट्रायल घेत होते, तो धडा मेश्राम मॅडमचा होता. त्या वर्ध्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. दहावीनंतर हा विषय कोण घेतो? प्रिन्सिपलनी बजावलं होतं, यंदा अ‍ॅडमिशन झाल्या नाहीत तर विषय बंद. म्हणून त्यांना आमच्या मासिकातून शाळांपर्यंत पोचायचं होतं. पहिला लेख आला तो संगमरवर आणि ग्रॅनाइटवर. मी वैतागून फोन केला.

"मॅडम, यातला एक तरी दगड रोहण्यासारख्या खेड्यातल्या पोराले दिसन काय?"

"नाई, ताई. आपल्याकडे नुसता बेसाल्ट. काळा दगड."

"मग त्याच्यावर लिहा ना."

"त्याच्यात काय दाखवू?" आवाज रडवेला होता. पण बाई जिद्दीच्या. नवा धडा लिहिलाच: घरातला काळा दगड शाळेत आणा. बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यातल्या गॅसच्या बुडबुड्यांची भोकं दगडात राहतात, ती शोधा.

पोरं खलबत्ता आणतील, फार तर अंगणातला धोंडा, असा आमचा अंदाज. दहावीतल्या सीमाने सायकलच्या कॅरिअरवर बांधून चक्क पाटा आणला.

मॅडमना घेऊन मी एसटी पकडली. पोचलो तरी सीमाची माय तिथेच.

"पाटा काऊन आणाले लावला? मी चटणी कायच्यावर वाटू?"

तिकडे ढोले सर उत्साहात होते. पाट्यावरचे सगळे खड्डे गॅसचे, असं त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. मॅडमनी पाट्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "सर, हे टाकीचे घाव हायेत."

टाकी म्हणजे छिन्नी. पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाला तो ठोकून पुन्हा खडबडीत करतो. वर्ग खदखदून हसला. सरांचा चेहरा उतरला.

"चूक माझी हाये, सर. मी धड्यात लिहालेच पाह्यजे होतं," मॅडम म्हणाल्या. मग पदर खोचून खाली बसल्या. "धरा जरा. उलटा करू."

खालच्या बाजूला टाकी कधी लागलीच नव्हती. तिथे बारीक गोल भोकं होती आणि काहींत पांढरे, चमकते दाणे. "हे खरे बुडबुडे. अन् हे पांढरं, दगडातून झिरपणाऱ्या पाण्यानं मागून भरलेलं." मुलांच्या डोक्यांची गर्दी झाली. त्यात एक डोकं सीमाच्या मायचं.

"इतके वर्ष वाटून राह्यली, खालून कधी पाह्यलाच नाई," ती म्हणाली. "नेऊ काय आता?"

"थांबा ना, ताई. मांगं उभ्या असलेल्या पोरांनी पाह्यला नाई अजून," मॅडमनी पाटा दोन्ही हातांनी धरून ठेवला. फोनवर रडवेली झालेली ती हीच बाई. मला तिचं फार कौतुक वाटलं.

धडा छापला. त्यात दोन सूचना वाढवल्या. पाटा उलटा ठेवावा. मायला विचारून आणावा. मग बऱ्याच शाळांतून पाटे उलटे झाल्याचे फोन आले.

जूनमध्ये मॅडमचा वर्ग भरला. भरगच्च नाही, पण विषय वाचला. पहिल्या बाकावर सीमा. भूगर्भशास्त्रच का, असं प्रिन्सिपलनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्या घरचा पाटा मले अर्धाच माहीत होता."

मासिकाने शिक्षकांना आधार कसा द्यावा, यावर मला अधूनमधून भाषणाला बोलावतात. मी एवढंच सांगते, धडा छापायच्या आधी एकदा कुठल्या तरी वर्गात नीट आपटू द्यावा.