बाईंचा नावाडी

सकाळपासून धुकं असं दाटून बसलं होतं की दप्तरखान्याच्या वाचनकक्षातले दिवे लावूनही न लावल्यासारखेच. हवा ओलसर असली की तिथले कारकून जुन्या कागदांचे गठ्ठे लवकर सोडू देत नसत. तोवर बाई पेन्सिलींना टोकं काढत बसल्या. पेनाला तिथं मज्जावच होता.

बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना संशोधनाची फेलोशिप मिळाली तेव्हा घरात नणंद म्हणाली होती, "या वयात वाचायचे पैसे देतात? मग झोपायचे कोण देतं तेही विचारून या, वहिनी."

विषय होता नदी ओलांडायच्या होड्या आणि त्यांच्यावरचा जुना कर. पण पहिल्याच महिन्यात बाईंना कागदांत एक नावाडी भेटला, दोनशे वर्षांपूर्वीचा. होडी कोणाची, यावरून त्याचा बायकोच्या भावाशी दावा चालला होता. कर राहिला बाजूला, बाई पदर खोचून दाव्यात उतरल्या. मेव्हण्याचं नाव टिपून घेताना हटकून पेन्सिलीचं टोक मोडायचं.

"आज काय म्हणतोय तुमचा नावाडी?" नणंद रोज विचारायची.

"साक्षीदार फिरला. त्या मेल्या मेव्हण्यानं फितवला."

"हुशार दिसतो हो मेव्हणा. मला आवडायला लागलाय."

"वन्सं, तुम्ही गप्प बसा."

अडचण एवढीच, की दाव्याचा शेवटचा गठ्ठा तेवढा राहिला होता आणि बाई त्याला हात लावायला तयार नव्हत्या. कारकुनांनी तो पुढं केला की म्हणायच्या, "हा असू द्या. आधी कालचाच आणा, एक ओळ बघायची राहिलीय." असं करत दोन महिने गेले.

आणि आज दुपारी वरच्या मजल्यावर फेलोशिपची समिती बसली, बाईंना दुसरं वर्ष द्यायचं की नाही हे ठरवायला. नाही मिळालं तर वाचनकक्षाचा पास परत करून घरी बसायचं. बाई बोलल्या मात्र झकास. होड्या, घाट, कराची चोरी, सगळं आलं. अध्यक्षांनी चष्मा पुसत सहज विचारलं, "मग निकाल कोणाच्या बाजूनं लागला?"

"माहीत नाही."

"कागद गहाळ आहेत?"

"नाही, इथंच आहेत. मी गठ्ठा सोडला नाही."

"का बरं?"

"तो हरला असला तर?"

एक सदस्य रुमालात खोकले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हरला असला तर तो दोनशे वर्षांपूर्वीच हरलाय."

"तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "जा, वाचून या. आम्ही तोवर चहा घेतो. पण न वाचता आलात, तर दुसऱ्या वर्षाचा विषय संपला."

बाई खाली गेल्या. गठ्ठ्याची गाठ त्यांच्या हातून सुटेना, शेवटी कारकुनांनीच सोडून दिली. वाचून बाई वर आल्या त्या तोंड पाडूनच.

"हरला?" खोकणाऱ्या सदस्यांनी विचारलं.

"दावाच मागं घेतला. सरकार नदीवर पूल बांधणार होतं. दोघांनी मिळून अर्ज केलाय, पूल नको म्हणून. खाली दोघांचे अंगठे, शेजारी शेजारी."

अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले. "अहो, पूल आला म्हणजे होड्या गेल्या, कर गेला. तुमच्या विषयाचा गाभाच हा, आणि तुम्ही तो बांधून ठेवलात?"

"मेव्हण्याशी समेट करेल असं वाटलं नव्हतं," बाई पुटपुटल्या.

दुसरं वर्ष मिळालं. अट एकच: त्या पुलाचं काय झालं ते शेवटच्या कागदापर्यंत वाचायचं, आवडो न आवडो.

घरी नणंदेनं सगळं ऐकून घेतलं, चवीचवीनं. "म्हणजे एवढे महिने तुम्ही त्याच्या वतीनं भांडलात, आणि तो मेव्हण्याच्या मांडीला मांडी लावून बसला?"

"पोटाचा प्रश्न होता त्याच्या."

"तेच म्हणते. माणूस भला होता मेव्हणा."

बाईंनी उशांचे अभ्रे काढले आणि भिजत घालायला मोरीकडे निघून गेल्या.