कुरडया गेल्या, पण चिमी बोलली

अजिनाथ बोलायला लागले की औताचे बैलसुद्धा कंटाळून उभे राहतात, असं त्यांची बायको बायनाबाई म्हणायची. त्यात कौतुक थोडं आणि तक्रार फार असायची.

तलवाड्याच्या जवळच्या एका लहानशा गावात या दोघांची थोडी जमीन, दोन म्हशी, एक द्वाड शेळी आणि पुढं पडवी असलेलं स्लॅबचं घर. शिवाय मारुतीच्या देवळातला भोंगा. भोंगा तसा गावाचा, पण माईक कित्येक वर्षं अजिनाथांच्याच हातात. नळाला पाणी आलं, कुणाची कालवड सुटली, कुणाच्या घरी पंगत आहे, सगळं तेच सांगायचे. पाणी आल्याचं सांगता सांगता पूर्वी बायका कुठल्या आडावर जायच्या, त्या आडात कोण पडलं होतं आणि त्याला कुणी वर काढलं इथपर्यंत जायचे. तोवर नळाचं पाणी निघून गेलेलं असायचं.

अशा माणसाची नात तीन वर्षांची झाली तरी बोलेना.

नातीचं नाव ईश्वरी, पण सगळे चिमीच म्हणायचे. अजिनाथांचा मुलगा प्रविण आणि सून दिपाली यांची ही एकुलती एक. हसायची, धावायची, सांगितलेलं सगळं ऐकायची. बोलायची वेळ आली की मात्र बोट दाखवायची आणि म्हणायची, "ऊं." भूक लागली तरी ऊं, मांजर दिसलं तरी ऊं. घरातल्या माणसांना त्या ऊंचे सगळे प्रकार पाठ झाले होते.

फाल्गुनात तिला बीडला नेलं. तिथं बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी कान तपासून घेतले. कान चांगले होते. मग त्यांनी विचारलं, "हिला काही हवं असलं की ही काय करते?"

दिपाली सासऱ्याकडं बघत जरा अडखळली. "तिला काही करावंच लागत नाही. तिनं बोट उचलायच्या आत आबाच बोलतात. चिमीला दूध नको, चिमीला झोप आली, चिमी म्हणती भाकर करपली..."

मॅडमना हसू आलं. त्यांनी दिपालीला चिमीशी खेळायचे काही खेळ शिकवले, दर महिन्याला यायला सांगितलं आणि निघताना अजिनाथांना म्हणाल्या, "आजोबा, तिला बोलायला थोडी जागा ठेवा."

परतीच्या एसटीत अजिनाथ खिडकीबाहेर बघत गप्प बसले. बायनाबाईला वाटलं, गाडी लागली. तिनं पिशवीतून लिंबू काढून त्यांच्या नाकाला लावलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी विहिरीवरची मोटार जळाली. ती घेऊन अजिनाथ तलवाड्याला जमीलच्या दुकानात गेले. जमील मोटारी दुरुस्त करायचा. दोघं शाळेपासूनचे दोस्त. रमजानचे शेवटचे रोजे चालले होते, बाहेर ऊन रणरणत होतं आणि जमील कोरड्या ओठांनी तांब्याची तार गुंडाळत होता. अजिनाथांनी त्याला बीडची सगळी हकीकत सांगितली आणि मग म्हणाले, "दिसभर पाण्याचा घोट न्हाई. कसं जमतंय बे तुला?"

"पयले दिवस जड जातंय. मग जमतंय," जमील म्हणाला. "जे सोडाया जड जातंय तेच सोडायचं आसतंय. मला काकडी सोड म्हनलं तर मी जन्मभर सोडीन. मला काकडी आवडतच न्हाई. त्याला काय आर्थ हाय?"

अजिनाथ विचारात पडले. "मंग मी काय सोडू रं?"

जमीलनं तार खाली ठेवली, दोस्ताच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो पोट धरून हसला. "हे मी सांगू तुला? आख्ख्या गेवराई तालुक्याला ठाव हाय!"

पाडव्याच्या सकाळी अजिनाथांनी गुढी उभारली, लिंबाचा पाला गुळासंगं चावला आणि थेट मारुतीपुढं जाऊन उभे राहिले. "देवा," ते म्हणाले, "माझ्याकडं बोलनं लई हाय. मला पुरून उरलंय. त्यातलं काढ आन् आमच्या पोरीला दे. आजपासून हनुमान जयंतीचा सूर्य उगवस्तोवर मी सबूद काढनार न्हाई." एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण पुढं बोलायचं नाही म्हणून असेल, त्यांनी मारुतीला पोरीच्या जन्मापासूनचं सगळं सांगितलं. गुरव दोनदा आत डोकावून गेला. मग अजिनाथांनी हात जोडले आणि तोंड मिटलं.

गुरवाकडून ही बातमी बायनाबाईला कळली. "आगं बया," ती म्हणाली, "ह्ये लग्नाच्या सालीच सुचलं आसतं तर?" असं म्हणून ती गुढीची साडी नीट करायला वळली आणि बराच वेळ तिकडंच तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी ईद होती. अजिनाथ दरवर्षी जमीलकडं शीरखुर्मा प्यायला जायचे, तसे याही वर्षी गेले. जमीलला नवस कळला होता, पण त्याची बायको हजराबी हिला तो सांगायचा राहिला होता. तिनं वाटी भरली. अजिनाथ प्यायले. तिनं पुन्हा भरली. त्यांनी 'बास' म्हणून हात हलवला. तिला वाटलं, लई भारी झालाय म्हणताहेत. तिनं पुन्हा भरली. असं चाललं. शेवटी अजिनाथ घामाघूम होऊन भिंतीला टेकले, तेव्हा हजराबी घाबरून नवऱ्याला म्हणाली, "भाईजान आपल्यावर रागावल्यात का? कावून बोलत न्हाईत?" जमीलनं नवसाचं सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि जाताना ओवा बांधून दिला.

भोंग्यावर आता शेजारचा सत्यम बोलायचा. तो कॉलेजात शिकणारा, घाईतला पोरगा. भोंगा खरखरायचा, त्यातून "पाणी आलं" एवढे दोन शब्द पडायचे आणि खट्‌कन बंद. कोण बोललं, काय बोललं, हे कळायच्या आत संपायचं. बायका घागरी घेऊन एकमेकींना विचारत सुटायच्या.

घरात पहिले दोन दिवस बायनाबाईनं मजेत काढले. मनाला येईल ते बोलावं, उलट उत्तर नाही. प्रत्येक भांडण तीच जिंकायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिचं कशात लक्ष लागेना. भाजीत मुद्दाम मीठ जास्त टाकून तिनं नवऱ्यापुढं ताट ठेवलं. अजिनाथांनी एक घास घेतला, तिच्याकडं पाहिलं, पाणी प्यायले आणि निमूट जेवले.

"आवो, काय तरी म्हना की!" ती वैतागून म्हणाली.

अजिनाथांनी बोट वर करून देवळाची दिशा दाखवली.

चिमीचं आबांशी मात्र पहिल्यापेक्षा जास्त जमायला लागलं. आता दोघंही बोटानं बोलायचे. तिनं मांजर दाखवायचं, त्यांनी मान हलवायची. पण एक फरक पडला होता. तिला पाणी हवं असलं तर आबा तिच्यासाठी ओरडत नव्हते. ते तिच्याकडं बघत बसायचे. दिपालीही मॅडमनी सांगितल्यासारखं थांबायची. चिमी चिडायची, पाय आपटायची, ओठ हलवायची. काही तरी ओठांपर्यंत येऊन परत जायचं.

रामनवमी झाली आणि बायनाबाईनं कुरडयांचा घाट घातला. पहाटेच गव्हाचा चीक शिजवला, शेजारच्या दोघी मदतीला आल्या. ऊन वर यायच्या आत स्लॅबवर जुन्या साड्या अंथरून त्यांच्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांगोळी घातल्यासारखी झाली. राखणीला अजिनाथांना बसवलं, कारण बाकी कुणी मोकळं नव्हतं. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, शेजारी छत्रीखाली चिमी वाटीतला गोड चीक चाटत बसलेली.

चिमण्या आल्या. अजिनाथांनी काठी आपटली. चिमण्या उडाल्या आणि परत आल्या. हा माणूस ओरडत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्या काठीच्या टोकापासून वीतभर अंतरावर बसून निवांत टोचू लागल्या.

एवढ्यात दावं तोडून शेळी जिना चढून वर आली.

तिनं आधी अजिनाथांकडं पाहिलं. मग पलीकडच्या कडेची एक कुरडई तोंडात धरली. अजिनाथ उठायला गेले तर गुडघा धरला. त्यांनी काठी फेकली, ती पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेळीनं दुसरी कुरडई घेतली. खाली अंगणात चौघी बायका सोऱ्या धूत गप्पा मारत होत्या, त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. चिमी एकदा शेळीकडं बघायची, एकदा आबांकडं. आबा आता ओरडतील, मग ओरडतील. आबांचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. शेळी रांगेनं खात पुढं सरकत होती.

चिमीनं वाटी खाली ठेवली. उभी राहिली, दोन्ही मुठी आवळल्या आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "हाऽऽड!"

शेळी थांबली. अजिनाथ गुडघ्यावर हात ठेवून अर्धे उठलेले होते, तसेच राहिले.

चिमी आता आबांकडं वळली. ती त्यांच्यावर चांगलीच चिडली होती. "आबा, हाड! हाड कल!"

अजिनाथांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून धारा लागल्या. ते उठले, लंगडत कठड्यापाशी गेले आणि खाली बायकांकडं बघत वेड्यासारखे हात नाचवायला लागले. बायनाबाईला वाटलं, उन्हानं चक्कर आली. ती आणि दिपाली धावत जिना चढून आल्या. वर येऊन बघतात तर चिमी शेळीच्या मागं पळतीये, शेळी कुरडया तुडवतीये आणि पोरगी ओरडतीये, "हाड! हाड! आजी, शेई!"

दिपाली तिथंच तुडवलेल्या कुरडयांत बसली आणि तिनं लेकीला पोटाशी धरलं. बायनाबाईनं शेळीला मारायला चप्पल उचलली, मग तिच्याकडं पाहिलं आणि चप्पल खाली टाकून शेळीच्याच तोंडावरून हात फिरवला.

अजिनाथांनी बायकोचा दंड धरला. देवळाकडं बोट केलं, मग तोंडाजवळ मूठ धरून माईक दाखवला. एवढी मोठी बातमी, आणि ती सांगायची त्यांना सोय नव्हती. सत्यमनं सांगितली असती तर ती दोन शब्दांत संपली असती.

"मी?" बायनाबाई म्हणाली. "मला कुठं येतंय?"

पण ती गेली. चिकानं माखलेल्या हातांनी, डोक्यावरचा पदर सावरत गेली. गावानं पहिल्यांदा भोंग्यावर बाईचा आवाज ऐकला. "हॅलो. ऐकू येतंय का? मी बायनाबाई बोलतीये, अजिनाथांच्या घरची. आमची चिमी बोलली. सगळ्या कुरडया शेळीनं खाल्ल्या. कुरडया गेल्या, पण चिमी बोलली. बास, एवढंच." मग भोंगा बंद करायचा कसा हे तिला कळेना, त्यामुळं तिचं रडणंही सगळ्या गावाला ऐकू गेलं.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. जो येईल तो म्हणायचा, "चिमे, बोल की काय तरी." चिमी आईच्या पदरात तोंड खुपसायची. शेवटी माजी सरपंच अर्जुनराव आले. भरघोस मिशांचे, पांढरेशुभ्र कपडे घातलेले. ते तिच्यापुढं वाकले आणि लाडात म्हणाले, "आमाला बी सांगा बाईसाहेब, काय म्हनलात तुमी शेळीला?"

चिमीनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "हाड!"

माणसं हसून लोळायची बाकी राहिली. अर्जुनराव सगळ्यांत जोरात हसले आणि पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट मानाची असल्यासारखी सांगत फिरले.

नातीला वाचा फुटली, आता सोडा की मौन, असं गुरवानंही सुचवलं. अजिनाथांनी नकारार्थी मान हलवली. दिलेला शब्द पुरा करायचा होता. ते शेवटचे दिवस त्यांना फार जड गेले. चिमी रोज नवा शब्द आणायची आणि आबांना दाखवायची. आबा तो कानांनी घ्यायचे, पण उलट द्यायला त्यांच्याकडं काही नसायचं. मग ती तोच शब्द दोनदा, तीनदा म्हणायची, त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून.

हनुमान जयंतीला पहाटेपासून देवळात दाटी झाली. जमीलही लवकर उठून स्कूटरवर आला आणि पारापाशी थांबला. सगळ्यांचं लक्ष पाळण्यापेक्षा अजिनाथांकडं जास्त होतं. सूर्य उगवला, घंटा वाजली, फुलं पडली, सुंठवडा हातोहात फिरला आणि मग सगळे गप्प झाले. एवढं साचलेलं आता कसं बाहेर पडतंय हे ऐकायला माणसं मांडी घालून बसली.

अजिनाथांनी घसा साफ केला. "मारुतिराया..." ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

"आबा ललतंय," चिमीनं सगळ्यांना सांगितलं.

"न्हाई गं माय. उदबत्तीचा धूर गेला डोळ्यात."

पुढं त्यांना काही सुचेना. लोकांची निराशा झाली. पारावरून जमील ओरडला, "बोल की बे! म्या दुकान बंद ठिवून आलोय!" अजिनाथांनी नुसते हात जोडले आणि नातीला कडेवर घेऊन घरी गेले. ते सुधारले असं ज्यांना वाटलं, त्यांची समजूत दुपारीच गेली. जेवून ते पारावर बसले आणि दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत. मौनात काय काय वाटतं याच्यावरच ते बोलत होते.

भोंग्याचं मात्र बायकांनी ठरवून टाकलं. पाण्याची वेळ बायनाबाई सांगणार, बाकी सगळं अजिनाथांनी सांगावं.

मॅडमनी सांगितलेला महिना भरला, चिमीला पुन्हा बीडला न्यायचं होतं. बायनाबाईनं मॅडमसाठी पिशवीभर कैऱ्या घेतल्या. दिपाली म्हणाली, "आई, मॅडमच्या खेळांचाच गुण आला बघा." बायनाबाईनं कैऱ्यांच्या पिशवीला गाठ मारली. "मी देवाला नारळ फोडला, जमीलभाईला पुरनपोळी धाडली, मॅडमला कैऱ्या नेतीये. कुनाचा गुण आला त्ये त्यांनी आपापसात वाटून घ्यावं."

एसटी गावाबाहेर पडली. पुढं रस्त्यात मेंढरांचा भलामोठा कळप आला आणि गाडी थांबली. चिमी आबांच्या मांडीवर उभी राहून खिडकीच्या गजांना नाक लावून बघत होती.

"आबा, कुटं चालली?"

अजिनाथांनी मोठा श्वास घेतला. धनगर कुठून येतात, कुठल्या वाटेनं जातात, पूर्वी त्यांच्या शेतात मेंढरं कशी बसायची, सगळं तोंडाशी आलं होतं. त्यांनी नातीकडं पाहिलं आणि श्वास सोडून दिला.

"तुला काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

चिमी विचार करू लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मेंढरं सावकाश बाजूला झाली, गाडी हलली. अजिनाथ तिच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत राहिले.