पिवळ्या कागदाचा उजेड

"थांब रे, आधी उजेड बगूया," असं म्हणून ते वस्तू हातात घ्यायचे आणि वस्तूकडे न बघता आधी वर दिव्याकडे बघायचे. मग ती साडी असो, आंबा असो की कुणाच्या होणाऱ्या सुनेचा फोटो. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत त्यांना सगळे लाइटवाले काका म्हणत. नोकरी मालाडला, विजेच्या सामानाच्या दुकानात. जीव मात्र गणपतीतल्या आमच्या नाटकांत. नाटकं मी बसवायचो, उजेड ते द्यायचे. तुमच्याकडेही अशी जोडी असेलच. एकाला वाटत असतं की नाटक आपल्यामुळे उभं राहतं, आणि ते उभं राहतं दुसऱ्यामुळे.

हल्ली बटण दाबलं की हवा तो रंग देणारे दिवे मिळतात. मंडळाने आणूनही पाहिले. काकांना ते पटेनात. त्यांचे आपले जुने हॅलोजन आणि त्यांच्यापुढे लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद. ते कागद काकी घडी न पाडता गादीखाली जपून ठेवायच्या.

एका वर्षी आमच्या खलनायकाला चिठ्ठीतला मजकूर काही केल्या पाठ होईना. त्याने तो स्टेजवर वाचायच्या कागदावरच लिहून आणला, नेमका लाल पेनाने. खुनाचा प्रवेश म्हणून काकांनी स्टेज लालभडक केलं आणि चिठ्ठी कोरी झाली! तो कागद सुलटा करून बघतोय, उलटा करून बघतोय, घामाघूम झालाय. "वाट लागली यार," हे त्याचं वाक्य माइकने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. त्या वर्षी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. काका एवढंच म्हणाले, "लाल उजेडात लाल शाई दिसतली कशी रे?"

दुसऱ्या एका वर्षी मंडळाच्या बटाटेवड्यांच्या टेबलावर कुणीतरी शोभेला हिरवा बल्ब लावला. वडे इतके मळकट दिसायला लागले की कुणी तिकडे फिरकेना. काकांनी बल्ब काढला, पिवळा लावला. "आता खावा," म्हणाले. थोड्याच वेळात परात रिकामी झाली.

त्यांच्या घरातली एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. सगळ्या खोल्यांत पिवळे-नारिंगी दिवे, पडदेही त्याच रंगाचे. तांदळातले खडे दिसत नाहीत म्हणून काकींची कुरकुर चालायची. मी एकदा गमतीने म्हणालो, "काका, हे घर आहे की बार?" काका हसले नाहीत. काकीच स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीसाठी आहे ते."

त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या हातांवर शाळेत असतानाच पांढरे डाग उठले होते. मग ते मानेवर आले, ओठांच्या कडेला आले. डॉक्टर झाले, मलमं झाली, गावचं औषध झालं. कोड हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. पिवळ्या-नारिंगी उजेडात सावळी कातडी आणि पांढरा डाग यांतला फरक बराचसा बुजतो, हे काकांनी शोधून काढलं होतं. "घरात तरी तिका आरशाची भीती वाटूक नको," ते मला म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं, की समूहनृत्यात ती जिथे उभी राहायची तिथे नेहमी पिवळाच झोत पडायचा. मला तेव्हा त्या बापाचं फार कौतुक वाटलं.

मुलगी मोठी झाली, ऑफिसात जायला लागली. वसाहतीत ज्याला त्याला कोर्टाच्या तारखा पडलेल्या, म्हणून मी कोर्टावरच नाटक लिहिलं आणि मुख्य साक्षीदाराचं काम तिला दिलं. पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून तिने बोलायचं होतं. तालमीत ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, माझ्यावर पांढरा लावा."

"अगो, पांढऱ्यात सगळा दिसता."

"दिसू दे ना. ऑफिसात ट्यूबलाइटखाली रोज दिसतंच. फक्त तुमच्यासमोर मी पिवळी का?"

"लोक नाटक बगूचे नाय. हातच बगतले."

"मग आधी हात बघतील. नंतर नाटक बघतील."

काका माझ्याकडे वळले. "तू तरी सांग रे तिका." मला दोघांचंही पटत होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी दिव्यापुढे पिवळा कागद तसाच होता. ती आली, कठड्यावर हात ठेवले. त्या उजेडात हात एकसारखे सावळे, गुळगुळीत. आणि ती बोलेचना. विंगेतून मी वाक्य सांगतोय, ती शांतपणे दिव्याकडे बघत उभी. लोक चुळबुळ करायला लागले. दिव्याच्या स्टँडपाशी काका खांब झाल्यासारखे. नाटकाचं मी विसरूनच गेलो होतो. आता हा बाप काय करतो, एवढंच मनात होतं.

काकांनी हात पुढे केला आणि पिवळ्या कागदाची तापलेली चौकट फडकं न घेताच दिव्यापुढून ओढून काढली.

पांढरा उजेड पडला. कुजबुज झाली. "अगं, ही काकांचीच ना?" कुजबुज थांबेपर्यंत ती थांबली, मग तिने पहिलं वाक्य म्हटलं. पहिल्या रांगेतल्या दोघी शेवटपर्यंत हातच बघत होत्या, खोटं कशाला सांगू? पण बाकीच्या मैदानाने नाटक बघितलं.

गेल्या वर्षी काका गेले. आता आमची नाटकं बटणांच्या दिव्यांवर होतात आणि बरी होतात. पण काका म्हटलं की मला ती संध्याकाळच दिसते. पडदा पडल्यावर मुलगी धावत त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिचा हात आपल्या तळव्यावर घेतला, त्या पांढऱ्या झोतात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग एका डागावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "ह्यां दुखता काय गो?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "कधीच दुखलं नव्हतं."