तलवारीवरचं नाव

जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारी जमवायचं मला वेड. घाटघरच्या एका म्हाताऱ्याकडे तशी एक आहे असं कळलं, म्हणून गेलो.

त्यानं ती म्यानातून काढली आणि धोतराच्या सोग्यानं मुठीपासून टोकापर्यंत पुसायला लागला. पात्याला बोट म्हणून लागू दिलं नाही.

"बाप साहेबाचा ऑर्डरली व्हता. रोज हिला पुसायचा. जाताना साहेब त्यालाच देऊन गेला. आता माजे हात कापत्यात, पावणं. तुमी पुसत जावा."

मी भिंगातून पात्यावर कोरलेलं साहेबाचं नाव वाचण्यात गर्क होतो. म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "पुसणाऱ्याचं नाव कुटं लिवत्यात का वो?"

मी नुसता हसलो आणि तलवार घेऊन आलो.

आता ती माझ्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात आहे. पुसायला बाई येते. खाली पितळी पाटीवर साहेबाचं नाव, हुद्दा, पलटण, सगळं आहे. परवा काय वाटलं कुणास ठाऊक, पाटीवर आणखी एक ओळ घालावी म्हणून कागद घेऊन बसलो. कागद कोराच राहिला. बापाचं नाव मी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्याचंही नाही.